प्रतिसाद: सोलापुरात गच्चीवर लॉन?

वर कुणीतरी सुचवलंय की प्रत्येक गच्चीवर लॉन लावा, शहर गार होईल. तत्त्व खरं आहे. माती स्लॅबला ऊन लागू देत नाही, झाडं पानांतून बाष्प सोडतात त्यानं हवेतली उष्णता कमी होते, आणि वळवाचं पाणी एकदम गटारात न जाता थोडं मुरतं. कॅनडातल्या टोरांटोनं तर २००९ मध्ये मोठ्या नव्या इमारतींना हिरवं छत, म्हणजे माती-झाडांचं छत, सक्तीचंच केलं होतं. पण तिथला पाऊस वेगळा! आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी, त्यात लॉन म्हणजे चैनच.

आपल्या भागातली माळवदं, म्हणजे जुन्या घरांची सपाट मातीची छपरं, आठवा. पांढऱ्या मातीचा जाड थर, त्यावर गवत नाही, तरी आतली खोली गार. म्हणजे निम्मं काम नुसती मातीच करते. वर कोरफड, चिनी गुलाब, पानफुटी अशी कमी पाण्यावर तगणारी झाडं लावली की धुण्याभांड्यांचं पाणी गाळूनही भागेल.

वजनाचं मात्र आधी बघा. १० सेंमी माती भिजली की चौरस मीटरला १५० किलोच्या वर जाते. जुन्या स्लॅबवर इंजिनिअरला विचारल्याशिवाय आणि वॉटरप्रूफिंगशिवाय एक घमेलंही टाकू नका.