गवत कापायच्या मशीनने झाडांची साल जातेय, काय करू?

ऐरोलीकर: आमच्या सोसायटीच्या गार्डनमध्ये दोन पावसाळ्यांपूर्वी ताम्हण आणि बहावा मिळून नऊ रोपं लावली, आता माझ्या डोक्याच्या वर गेलीत. पण माळीदादांच्या मशीनची नायलॉन दोरी दर वेळी बुंध्याला घासते. काल वाकून बघितलं तर सगळ्यांनाच घोट्याएवढ्या उंचीवर जखमा, एका ताम्हणाची तर पाऊण गोलाई साल गेलीय, आतलं पांढरं लाकूड दिसतंय. पानं मात्र हिरवीगार, त्यामुळे सेक्रेटरी म्हणतात काही होत नाही. पोतं गुंडाळू का?

मातीतला माणूस, घणसोली: पाणी आतल्या लाकडातून वर चढतं, ते चालू आहे म्हणून पानं हिरवी. पानांत बनलेलं अन्न मात्र सालीतून खाली मुळांना जातं. साल पूर्ण गोल गेली की मुळं उपाशी, मग काही महिन्यांनी झाड वाळतं आणि सगळे म्हणतात पाणी कमी पडलं! तुमची पाव साल शिल्लक आहे, वाचू शकतं. लोंबणारी साल धारदार ब्लेडने काढा, चांगली साल खरवडू नका. मग बोर्डो पेस्ट लावा, १०० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) अर्धा लिटर पाण्यात, १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये, चुना निवला की दोन्ही एकत्र. बादली प्लास्टिकचीच, लोखंडाची नको. याने साल लगेच भरून येत नाही हां, फक्त बुरशी लांब राहते.

मानपाडा ठाणे: पोतं अजिबात नको, पावसात ओलं राहतं, आमच्याकडे सोडून बघितलं तर आत वाळवीची माती. चार इंची पीव्हीसी पाइपचे फूटभर तुकडे उभे चिरून बुंध्याभोवती सैल बसवा, खोड जाड झालं की काढायचे. आणि मुळात बुंध्याजवळ हातभर गवतच ठेवू नका, पालापाचोळा पसरा, फक्त खोडाला चिकटवू नका. गवत नाही तर मशीन तिथे जाईलच कशाला.

ऐरोलीकर: थँक्स! माळीदादांना ती जखम दाखवली तर म्हणाले, "मला कोणी बोललंच नाही, खुरपं द्या, बुंध्याजवळचं हाताने काढतो." पाइप प्लंबरकडे उरलेले मिळाले. आता एका बहाव्याला काठीला बांधलेली तार सालीत रुतलेली दिसतेय, ओढून काढू?

मानपाडा ठाणे: ओढू नका, साल सोबत येईल. पक्कडीने जिथे मोकळी आहे तिथे कापा, रुतलेला तुकडा निघत नसेल तर राहू दे. पुढच्या वेळी सुतळी, आणि तीही सैल.