मदत हवी आहे: एकाच मशीनवर डेव्हलपमेंट आणि टेस्ट सर्व्हर, लॉगिन एकमेकांत मिसळतंय

नमस्कार मंडळी, मी जळगावला असतो. सावदा-रावेर भागातल्या केळी व्यापाऱ्यांसाठी हिशोबाचं वेब ॲप बनवतोय, म्हणजे घडांचं वजन, दांड्याची वजावट, त्या दिवसाचा भाव आणि शेवटी शेतकऱ्याच्या हातात जाते ती पट्टी. कोड पीएचपीत, डेटाबेस मायएसक्यूएल, वेब सर्व्हर अपाची, सिस्टिम उबुंटू २२.०४. मशीन एकच आहे, ८ जीबी रॅमचा डेस्कटॉप, दुसरं घ्यायचं बजेट सध्या नाही आणि व्यापारी आपले आकडे बाहेरच्या सर्व्हरवर ठेवायला तयार नाहीत, त्यामुळे जे काय करायचं ते ह्याच मशीनवर.

अडचण अशी की मी दिवसभर कोड लिहितो आणि त्याच वेळी व्यापाऱ्याकडचे मुनीम काका आमच्याकडे बसून लॅपटॉपवर नाहीतर मोबाइलवर टेस्टिंग करतात, खऱ्या पावत्या समोर ठेवून एकेक वजन टाकून बघतात, आणि ते जे काढून देतात ते मला एरवी कधीच सापडणार नाही, म्हणून त्यांचं काम मधेच अडता कामा नये. त्यासाठी दोन फोल्डर, दोन डेटाबेस, दोन व्हर्च्युअल होस्ट (एकाच अपाचीत वेगवेगळ्या साइट) केले, डेव्हलपमेंट पोर्ट ८० वर आणि टेस्ट ८०८० वर. पानं दोन्हीकडची नीट उघडतात.

पण माझ्या ब्राउझरमध्ये दोन टॅब उघडले, टेस्टमध्ये मुनीम म्हणून लॉगिन केलं आणि मग डेव्हमध्ये ॲडमिन म्हणून, की टेस्टचा टॅब रिफ्रेश केल्यावर तिथंही ॲडमिनच दिसतो! भाव बदलायचं बटणसुद्धा येतं. इनकॉग्निटोमध्ये असं होत नाही. पोर्ट वेगळे, डेटाबेस वेगळे, तरी असं का होतंय? आणि दुसरं म्हणजे मला डेव्हवर एक्सडीबग (पीएचपी कोडमधल्या चुका शोधायचं साधन) हवाय, टेस्टवर नकोय, त्याची सेटिंग बदलली की अपाची रीस्टार्ट करावा लागतो आणि काकांचं पान मधेच लटकतं. एकाच मशीनवर दोन अपाची एकदम वेगळे चालवता येतात का? डॉकर (प्रत्येक ॲप आपापल्या वेगळ्या डब्यात चालवायचं साधन) बघितलंय, पण आधी साध्या मार्गानं होतंय का ते समजून घ्यायचंय.

---

प्रतिसाद (धुळ्याहून)

भाऊ, तुमचा कोड ठीकच असणार, हा कुकीचा, म्हणजे साइट ब्राउझरमध्ये ठेवते त्या छोट्या नोंदीचा, खेळ आहे. ब्राउझर कुकी ठेवताना होस्टचं नाव बघतो, पोर्ट बघत नाही. त्यामुळे लोकलहोस्टचा ८० आणि ८०८० त्याच्या लेखी एकच साइट, दोन्हीकडे तीच सेशन कुकी (कोण लॉगिन आहे त्याची खूण) जाते. आणि तुमच्याकडे दोन्ही साइटच्या सेशन फाइल (सर्व्हर लॉगिनची माहिती ठेवतो त्या) पण एकाच फोल्डरमध्ये पडतायत, डेबियन-उबुंटूचं डिफॉल्टच तसं आहे, म्हणून डेव्हनं लिहिलेला ॲडमिन टेस्टला जसाच्या तसा वाचायला मिळतो.

सेशनचं नाव आणि सेशनचा फोल्डर दोन्हीकडे वेगळं करा, व्हर्च्युअल होस्टमध्येच टाकता येतं. नुसता फोल्डर वेगळा करून भागणार नाही, कारण लॉगिनच्या वेळी सेशन आयडी नवा काढत असाल (काढायलाच पाहिजे) तर एकीकडे लॉगिन केलं की दुसरीकडचं उडेल. अजून एक, उबुंटूत पीएचपीची स्वतःची सेशन सफाई बंद ठेवलेली असते, डिफॉल्ट फोल्डर वेगळा टायमर साफ करतो, तुमचा नवीन फोल्डर त्याला माहीत नसतो, मग जुन्या फाइल साचत जातात. तेवढ्यासाठी जीसी प्रॉबॅबिलिटी (पीएचपीची सफाई चालायची शक्यता) शून्याची एक करून टाका.

दोन्ही साइटना नावं देऊन वेगळं करणार असाल तर शेवट डॉट टेस्ट ठेवा, ते नाव १९९९ पासून ह्याच कामासाठी राखीव आहे. डॉट डेव्ह नको, ब्राउझर ते फक्त एचटीटीपीएसनंच उघडतो.

---

प्रतिसाद (भुसावळहून)

वरचं बरोबर आहे भो, पण मी असतो तर पोर्टच्या नादीच लागलो नसतो. डेव्हचा अपाची फक्त १२७.०.०.१ (लोकलहोस्ट, मशीनचा स्वतःपुरता पत्ता) च्या ८० वर ऐकू द्या आणि टेस्टचा त्याच मशीनच्या लॅन आयपीच्या (राउटरवरच्या नेटवर्कमधल्या पत्त्याच्या) ८० वर. आयपी वेगळा असला की पोर्ट तोच चालतो. आता तुम्ही डेव्ह लोकलहोस्टनं उघडणार आणि टेस्ट १९२.१६८ वाल्या पत्त्यानं, म्हणजे होस्ट वेगळा, कुकी आपोआप वेगळी. मोबाइलवर होस्ट्स फाइल (नाव आणि पत्त्यांची यादी) बदलायची भानगड नाही, नुसता आयपी टाकला की झालं. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की तुमचा अर्धवट डेव्ह लॅनवरून कोणाला उघडताच येणार नाही, काकांकडून चुकूनसुद्धा नाही. राउटरमध्ये त्या मशीनचा आयपी तेवढा पक्का करून ठेवा.

दोन अपाचीसाठी उबुंटूतच सोय आहे, अपाचीच्या डॉक्युमेंटेशनच्या फोल्डरमध्ये, एक्झाम्पल्समध्ये, सेटअप-इन्स्टन्स नावाची स्क्रिप्ट सापडेल. तिला टेस्ट हे नाव दिलं की वेगळा कॉन्फिगचा फोल्डर, वेगळे लॉग, सगळं तयार होतं आणि सिस्टिमडीमध्ये (उबुंटूत सर्व्हिस सुरू-बंद करतो तो) अपाची२@टेस्ट अशी वेगळी सर्व्हिस मिळते. मग तुम्ही डेव्ह कितीही वेळा पाडा, टेस्टला कळणारही नाही. फक्त एक्सडीबग डेव्हपुरता ठेवायचा असेल तर तो पीएचपीच्या कॉमन सेटिंगमध्ये बंद ठेवून डेव्हच्याच व्हर्च्युअल होस्टमध्ये चालू करता येत नाही, त्याचा मोड सुरुवातीलाच ठरतो. म्हणून डेव्हच्या सर्व्हिसला एक्सडीबग मोडचा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल द्या.

मायएसक्यूएल एकच राहू द्या, पण युजर दोन करा आणि प्रत्येकाला आपापल्याच डेटाबेसची परवानगी द्या. टेस्टच्या कॉन्फिगमध्ये कधी डेव्हचं नाव राहिलं तर लगेच एरर येईल, गुपचूप चुकीच्या टेबलात लिहिलं जाण्यापेक्षा ते कधीही बरं. पट्टीचा एसएमएस जात असेल तर टेस्टमधून तो बंदच ठेवा, शेतकऱ्याला खोट्या रकमेची पट्टी गेली तर व्यापारी पुन्हा तुमचं नाव काढणार नाही.

---

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. लॅन आयपीवाली पद्धत केली, शिवाय सेशनचं नाव आणि फोल्डरही वेगळं करून टाकलं. दुसरा अपाची आधी ॲड्रेस ऑलरेडी इन यूज म्हणत होता, नवीन फोल्डरमधल्या पोर्ट्सच्या फाइलमध्येही नुसतं लिसन ८० असंच येतं, दोन्हीकडे आयपी लिहिल्यावर सुरू झाला. आता डेव्ह बंद असला तरी काका निवांत वजनं टाकत बसतात.

एकच राहिलंय. लाईट गेली आणि मशीन परत चालू झालं की डेव्ह उठतो पण टेस्ट उठत नाही, हातानं सुरू केला की लगेच चालतो. लॉगमध्ये कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड ॲड्रेस असं दिसतं.

---

प्रतिसाद (भुसावळहून)

मशीन उठताना लॅनचा आयपी मिळायच्या आधीच अपाची तो मागतोय, म्हणून. १२७ वाला कायम हजर असतो, त्याला अडचण येत नाही. सिस्टिमसीटीएल एडिट करून टेस्टच्या सर्व्हिसला आफ्टर आणि वाँट्स अशा दोन ओळी द्या, दोन्हीत नेटवर्क-ऑनलाइन डॉट टार्गेट, म्हणजे नेटवर्क आल्यावरच तो सुरू होईल. आणि राउटर पण इन्व्हर्टरवर घ्या, नाहीतर तो मशीनच्या मागून उठेल आणि टेस्ट परत पडलेलाच दिसेल.