फिलिपिनो पालकांच्या मुलीला कॅलिफोर्नियात आरएन (नोंदणीकृत नर्स) व्हायचंय, सुरुवात कुठून करावी?

खारवारा:
डेली सिटीतल्या शेजाऱ्यांसाठी विचारतेय. आईवडील फिलिपाइन्सहून आलेले, मुलगी इथेच जन्मलेली, यंदा हायस्कूल संपतंय. सीएसयूच्या (राज्याचं सरकारी विद्यापीठ) बीएसएनचा, म्हणजे नर्सिंगच्या चार वर्षांच्या पदवीचा, प्रवेश हुकला. एक खाजगी कॉलेज लगेच जागा देतंय, पण फी अफाट आहे. कम्युनिटी कॉलेजातून (दोन वर्षांचं सरकारी कॉलेज) आरएन होता येतं का? आई मनिलात नर्स होती, इथे केअरगिव्हर आहे. तिच्या पदवीचा मुलीला उपयोग होईल?

निळाई:
होता येतं, आणि परवाना तोच मिळतो. एडीएन (कम्युनिटी कॉलेजातली नर्सिंगची असोसिएट पदवी) करा नाहीतर बीएसएन, परवान्याची एनक्लेक्स-आरएन परीक्षा एकच. कम्युनिटी कॉलेजात राज्यातल्या रहिवाशांना युनिटला (क्रेडिटला) ४६ डॉलर पडतात.

मात्र एडीएन दोन वर्षांचा म्हणतात, त्याच्या आधीचा काळ कोणी मोजत नाही. अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, मायक्रोबायॉलॉजी (तिन्ही लॅबसकट) आणि इंग्रजी आधी पूर्ण करावं लागतं. बऱ्याच ठिकाणी त्याहीआधी केमिस्ट्री. यातच दीड-दोन वर्षं जातात. घोळ होतो तो इथेच. लवकर उरकायचं म्हणून मुलं तिन्ही लॅबचे विषय एकाच सेमिस्टरला घेतात आणि ‘सी’ ग्रेड पडते. निवडीत वजन असतं ते नेमकं याच विषयांच्या जीपीएला, आणि विषय पुन्हा घेण्यावर मर्यादा असते. एका वेळी एकच लॅब, फार तर दोन.

मग टीझ (TEAS) ही नर्सिंगची प्रवेश परीक्षा: १७० प्रश्न, २०९ मिनिटं. कम्युनिटी कॉलेजांत ६२ टक्क्यांना पास धरतात, पण गुणांवर निवड होते तिथे तेवढ्याने भागत नाही. काही कॉलेजं चिठ्ठ्या टाकतात. म्हणून तीन-चार ठिकाणी अर्ज करा, आणि प्रत्येकाच्या अटी वेगळ्या वाचा.

ऋतुगंध:
खाजगी कॉलेज बीआरएनच्या (परवाना देणारं राज्याचं नर्सिंग बोर्ड) मान्यताप्राप्त यादीत आहे का ते आधी बघा. बोर्डाच्या साइटवर प्रत्येक कॉलेजचा एनक्लेक्सचा निकालही असतो. पहिल्याच प्रयत्नात पास होणारे ७५ टक्क्यांच्या खाली असतील तर तिकडे फिरकू नका. एसीईएन किंवा सीसीएनई या नर्सिंग शिक्षण तपासणाऱ्या राष्ट्रीय संस्थांची मान्यता आहे का, युनिट्स दुसरीकडे धरली जातील का, हे लेखी मागा. ‘आजच सही करा’ म्हणणाऱ्यांना तर अजिबात पैसे देऊ नयेत.

या उन्हाळ्यात सीएनए (नर्सच्या मदतनिसाचा कोर्स) जरूर करावं. किमान ६० तास वर्ग आणि १०० तास प्रत्यक्ष काम. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कुशीवर वळवणं, अंघोळ घालणं, डायपर बदलणं हे रोज जमेल का, ते तिला स्वतःला कळेल. फिलिपिनो घरांत ‘आई नर्स, म्हणून मुलगी नर्स’ हे फार लवकर ठरतं. निर्णय तिचा असायला हवा.

आणखी एक: हेपटायटिस बीच्या तीन डोसांच्या लशीला सहा महिने लागतात. डोस किंवा टायटरचा (रक्तातल्या प्रतिपिंडांच्या तपासणीचा) रिपोर्ट राहिला असेल तर क्लिनिकलची, म्हणजे हॉस्पिटलमधल्या प्रत्यक्ष प्रशिक्षणाची, जागा जाऊ शकते. लसीकरणाची नोंद आत्ताच काढून ठेवा.

निळाई:
आईच्या पदवीचा मुलीच्या प्रवेशाशी संबंध नाही. पण आईला स्वतःला आरएनच्या परवान्यासाठी अर्ज करता येईल. कॅलिफोर्नियात अडतं ते बहुधा एका अटीवर: विषयाची थिअरी आणि त्याचं क्लिनिकल एकाच काळात झालेलं हवं. फिलिपाइन्सच्या बऱ्याच पदवीधरांना प्रसूती, बालरोग किंवा मेडिकल-सर्जिकलमध्ये ही त्रुटी दाखवतात. मग तेवढाच विषय इथे पुन्हा करावा लागतो, अख्खी पदवी नाही. ट्रान्सक्रिप्ट मनिलाच्या कॉलेजातून थेट बोर्डाकडे जावी लागते, त्यामुळे तिची मागणी आजच नोंदवायला सांगा.