काकाटुआ अपिस्टोची अंडी तिसऱ्या दिवशी गायब: मादी खाते का?

तळ्याकाठी
अपिस्टोग्रामा काकाटुऑइडिस (काकाटुआ अपिस्टो, छोटा सिक्लिड मासा), एक नर, दोन माद्या. टाकी ६० × ३० × ३० सेंमी, सोबत सहा निऑन टेट्रा. पाणी बोअरचं, टीडीएस (विरघळलेले क्षार) ३८०, पीएच ७.८. हीटर २९ अंशांवर. स्पंज फिल्टर, बारीक वाळू, एक करवंटी. मोठी मादी करवंटीच्या छताला अंडी घालते. तिसऱ्या दिवशी छत रिकामं, एखाद-दुसरं पांढरं अंडं चिकटलेलं. मग ती बाहेर येऊन नराला हुसकत राहते, त्याची शेपटी फाटली आहे. मादी अंडी खातेय का? नर काढू का? पाण्यात काय बदल करू?

पाणवठा
आधी पाणी सुधारा. क्षार जास्त असले की बरीच अंडी फळतच नाहीत. न फळलेलं अंडं दिवसभरात पांढरं पडतं, त्याला बुरशी धरते आणि ती शेजारच्या चांगल्या अंड्यांवर पसरते. मादी अशी अंडी वेचून खाते, ती तिची साफसफाई असते. चांगली अंडी अगदीच थोडी उरली तर मात्र ती सगळंच सोडून देते.

एक भाग बोअरचं आणि चार भाग आरओचं (क्षार गाळून काढलेलं) पाणी मिसळलंत तर टीडीएस ९०च्या आसपास येईल. एकदम बदलू नका. दिवसाआड पाचवा हिस्सा काढून हे मिश्रण घाला, तापमान जुळवून. सोबत देशी बदामाची झाडावरून आपोआप गळलेली, पूर्ण तपकिरी चार-पाच पानं धुऊन टाका. त्यांचा अर्क बुरशीला आवर घालतो. पण कार्बोनेट जास्त असलेल्या पाण्यात नुसत्या पानांनी पीएच उतरत नाही, म्हणून आधी आरओ, मग पानं.

शेवाळ
पाणवठा, आगासिझी या दुसऱ्या अपिस्टोच्या बाबतीत हे शंभर टक्के मान्य. काकाटुआ, त्यातही टाकीत पैदास झालेले, बऱ्यापैकी क्षार सोसतात. शिवाय छताला एखाद-दुसरंच पांढरं अंडं आहे, म्हणून निव्वळ पाण्यावर ठपका ठेवायला मन धजत नाही.

२६-२७ अंशांना अंडी साधारण तीन दिवसांत फुटतात, २९ला त्याहून लवकर. फुटली की मादी वळवळणारी पिल्लं तोंडात धरून वाळूतल्या खड्ड्यात किंवा लाकडाखाली नेऊन ठेवते. म्हणजे तिसऱ्या दिवशी छत रिकामं दिसणं हे अंडी फुटल्याचंही लक्षण असू शकतं. करवंटीत टॉर्च मारून पाहू नका, मादीचा रंग बघा. हळदीसारखी पिवळी, अंगावरचे काळे डाग ठसठशीत आणि एकाच जागेभोवती घिरट्या, तर पिल्लं तिथे आहेत. पिवळा उतरून करडी झाली तर पिल्लं गेली. तळ्याकाठी, तुमची मादी चौथ्या-पाचव्या दिवशी कशी दिसते?

तळ्याकाठी
पाचव्या दिवसापर्यंत पिवळीधमक. लाकडाच्या मागे वाळूत तोंड घालत असते. सहाव्या-सातव्या दिवशी फिकी पडते.

शेवाळ
म्हणजे अंडी फुटत आहेत आणि पिल्लं त्यानंतर जात आहेत. पहिला संशय निऑनवर. मादी दिवसा त्यांना हाकलते, अंधारात तिला दिसत नाही आणि पोहायला लागलेलं पिल्लू निऑनच्या तोंडात सहज मावतं. दुसरा संशय धाकट्या मादीवर. ६० सेंमीच्या तळात दोन माद्यांचे दोन इलाके बसत नाहीत. एका नरामागे दोन-तीन माद्या ठेवायच्या तर किमान तीन फुटी टाकी हवी.

तेव्हा निऑन आणि धाकटी मादी दुसरीकडे हलवा. धाकटीच्या पोटाखालच्या परांची पुढची कडा काळी आहे का, तेही बघा. नसेल तर तो मादीसारखा दिसणारा छोटा नर असण्याची शक्यता आहे. या जातीत असे नर आढळतात.

नराचं म्हणाल तर निसर्गात त्याचं काम बाहेरचा मोठा इलाका राखायचं. तुमच्या टाकीत 'बाहेर' उरतच नाही, सगळा तळ आईचा. मधे लाकूड आणि दाट वनस्पती लावून नजर तुटते का पाहा. शेपटी फाटतेय म्हणजे बहुधा भागणार नाही, तेव्हा नर काढा. मात्र अंडी असताना, मादी आत बसलेली असेल तेव्हाच जाळं घाला. वळवळी पिल्लं वाळूत असताना तळ ढवळलात तर ती जातीलच.

करवंटीचं दार मादीला अंगाने अडवता येईल एवढंच ठेवा, साधारण तीन सेंमी. आणि गुहा एकच नको, तीन ठेवा, म्हणजे पसंतीला वाव राहतो.

पाणवठा
मादीच्या रंगाचा मुद्दा पटला. तरी पाणी उतरवाच, जास्त अंडी फळतील.

आता खाद्य. पिल्लं पोटातला पिवळा साठा संपवून पोहायला लागतात त्या दिवशी आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातला बारीक कोळंबीसारखा जीव) तयार हवा, म्हणून अंडी फुटताच लावायची तयारी ठेवा. एक लिटर पाणी, २५ ग्रॅम खडेमीठ, अर्धा चमचा आर्टेमियाची अंडी, २७-२८ अंश, जोरात हवा, वर दिवा. साधारण २४ तासांनी हवा बंद करून दहा मिनिटं थांबा. टरफलं वर तरंगतात, केशरी जीव खाली बसतात. ते नळीने ओढून बारीक कापडातून गाळा, गोड्या पाण्यात धुवा आणि ड्रॉपरने पिल्लांच्या झुंडीजवळ सोडा. पाच-दहा मिनिटांत पोटं केशरी दिसली की पुरे. दिवसातून तीन-चारदा, थोडं-थोडं. गोड्या पाण्यात आर्टेमिया काही तासांतच मरतो आणि तळात कुजतो, उरलेला ओढून काढा.

शेवाळ
हीटर २६वर आणा. १९९६ मध्ये र्योमर आणि बाइझेनहेर्त्स यांनी अपिस्टोग्रामाच्या बऱ्याच जातींवरचं काम प्रसिद्ध केलं. पिल्लांचं लिंग पहिल्या महिनाभरातल्या तापमानावर बरंच ठरतं, असं त्यात दिसलं. २९ला नर जास्त, २३ला माद्या जास्त. पीएचचाही काही जातींवर परिणाम दिसला. २९वरच ठेवलंत तर पिल्लं जगतील, पण जोड्या लावायला माद्या कमी पडतील.

तीन-चार आठवड्यांनी मादी पुन्हा अंड्यांवर येते आणि मोठ्या पिल्लांना हाकलायला लागते. तेव्हा मोठी पिल्लं वेगळी करा.