पंथ नाही, पण श्रद्धा ठरलेली
कुणीतरी म्हटलंय की, कुठल्याच ख्रिस्ती पंथाशी न जोडलेल्या चर्चना ठरावीक श्रद्धा नसते. तसं नाही हो. त्यांच्यावर बिशप किंवा सिनॉड (चर्चांचा कारभार पाहणारी धर्मसभा) नसतो, एवढंच. त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव), येशूचं पुनरुत्थान, कृपेने विश्वासाद्वारे तारण, बायबलचा शब्द अंतिम, हे बहुतेक ठिकाणी सारखंच. 325 सालच्या नायसिया परिषदेचा मतांगीकार, म्हणजे श्रद्धेची ठरावीक कबुली, उपासनेत सहसा म्हणत नाहीत, पण त्यातलं बरंचसं मानतात. इतर अनेक पंथांपेक्षा खरा फरक बाप्तिस्म्यात, म्हणजे पाण्याने ख्रिस्ती दीक्षा देण्याच्या विधीत. तो सहसा तान्ह्या बाळाला नाही, तर स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करणाऱ्याला, आणि तोही पाण्यात पूर्ण बुडवून. बाळाचं फक्त प्रार्थनेने समर्पण. अन्य भाषांच्या दानाबाबत, म्हणजे पवित्र आत्म्याच्या प्रेरणेने अनोळखी भाषेत बोलण्याबाबत, मात्र प्रत्येक चर्चगणिक मत बदलतं. पाळक कुठल्या परंपरेतून आलाय, ते तिथे लगेच कळतं!