काकांच्या ट्रंकेत स्टॉक कार रेसच्या जुन्या स्लाइड्स सापडल्यात, कशा वाचवू आणि साल कसं ओळखू?

गुहागरची पडवी
नमस्कार मंडळी. आमचे मोठे काका मर्चंट नेव्हीत होते, सत्तरच्या दशकात त्यांची बोट अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला लागायची, जॅक्सनविल, सव्हाना वगैरे, आणि तिथल्या गोदीतल्या कुणा मित्रामुळे त्यांना स्टॉक कार रेसचं, म्हणजे रस्त्यावरच्या गाड्यांसारख्या दिसणाऱ्या गाड्यांच्या शर्यतींचं, वेड लागलं. सवड मिळाली की फ्लोरिडातलं डेटोना, या रेसचं गाव, गाठायचे, गळ्यात कॅमेरा. काका आता नाहीत. काकू आमच्याकडे असतात आणि त्यांच्या ट्रंकेत या रेसच्या स्लाइड्सचे डबे निघालेत, प्रोजेक्टरवर बघायच्या फिल्मच्या, पुठ्ठ्याच्या फ्रेमवाल्या. बऱ्याच स्वच्छ आहेत पण काहींवर पांढरी बुरशी धरलीय, आणि पाऊस तोंडावर आलाय. नमुन्याला दोन स्लाइड्स एका स्टुडिओत दिल्या तर त्यांनी ओल्या फडक्याने पुसल्या आणि चित्रच फडक्याला लागून आलं, फार वाईट वाटलं.
घरचे म्हणतात नावाजलेल्या गाड्यांच्या तेवढ्या स्कॅन कर, बाकी टाकून दे. माझं मन होत नाही. टायर बदलणारी पोरं, कुंपणाला टेकून वडापावसारखं काहीतरी खाणारी माणसं, शेवटच्या रांगेतल्या ठोकलेल्या गाड्या, काकांनी हे सगळं इतक्या आवडीने काढलंय. कुणाला अनुभव असेल तर सांगा प्लीज.

फिल्मवाला, रत्नागिरी
आधी एक, पाणी अजिबात लावू नका. फिल्मवर जिलेटिनचा थर असतो, बुरशी तेच खाते, आणि बुरशीने खाल्लेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं. तुमच्या दोन स्लाइड्सचं तेच झालं.
आजच सगळे डबे ट्रंकेतून बाहेर काढा, बुरशीवाल्या वेगळ्या करा, आणि चांगल्या स्लाइड्स घट्ट झाकणाच्या प्लास्टिक डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. जेल रंग बदलणारं घ्या, ओल धरली की कळतं, मग कढईत मंद आचेवर परतून पुन्हा वापरता येतं. तांदूळ नको, धूळ होते. डांबराच्या गोळ्या तर नकोच. आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर ऑनलाइन स्वस्तात मिळतं ते डब्यात टाका, ६० टक्क्यांच्या वर गेलं की बुरशीला रान मोकळं, आणि आपल्याकडे जुलैत घरात ९० च्या आसपास सहज असतं. काचेच्या फ्रेममधल्या काही असतील तर त्या आधी बघा, आत ओल अडकते.
बुरशीवाल्या आधी स्कॅन करा, पुसायचं नंतर. पुसायचंच तर ९९ टक्केवालं आयसोप्रोपिल अल्कोहोल, मऊ कापूस, आणि पहिला प्रयोग बिघडलेल्या स्लाइडवर. तोंडाला मास्क लावा.
पुठ्ठ्यावर कोडॅक्रोम, म्हणजे कोडॅकची रंगीत स्लाइड फिल्म, लिहिलंय का बघा. असेल तर नशीब चांगलं, अंधारात ठेवलेल्या कोडॅक्रोमचे रंग फार टिकतात. पण ती धुणारी कॅन्सासमधली शेवटची लॅब २०१० च्या डिसेंबरअखेर थांबली, त्यामुळे जे आहे ते जपा. आणि पुठ्ठ्याच्या कडेला बारीक अक्षरात महिना-साल छापलेलं असतं बरेचदा. ती तारीख फिल्म धुतल्याची, फोटो काढल्याची नाही, एवढं लक्षात ठेवा.

निळा त्रेचाळीस
साल मी सांगतो!! ४३ नंबरची गाडी शोधा, ती चालवणारा रिचर्ड पेटी. नुसती फिकट निळी असेल तर १९७२ च्या आधीची, निळ्याबरोबर लाल आणि एसटीपी या स्पॉन्सर कंपनीचं लेबल असेल तर ७२ किंवा नंतरची. मागे उंच पंख असलेली गाडी दिसली तर १९६९-७० चा काळ, ७१ पासून अशा गाड्यांच्या इंजिनच्या साइझवर मर्यादा आली आणि पंख गेले. लाल-पांढरी २१ नंबरची मर्क्युरी म्हणजे वूड ब्रदर्स या टीमची, आत ड्रायव्हर डेव्हिड पिअर्सन असेल तर ७२ ते ७९ च्या मधली. गाड्या एकदम आखूड वाटल्या तर १९८१ किंवा नंतर, तेव्हा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, ११५ इंचावरून ११० वर आणला.
आणि कृपा करून काही टाकू नका. १९५९ ची पहिली डेटोना ५००, तिथली सगळ्यात मोठी रेस, माहितीये का, २२ फेब्रुवारी, ली पेटी म्हणजे रिचर्डचे वडील आणि जॉनी बोशाम्प एकदमच रेषेवर आले, शेजारी जो वेदरली एक लॅप मागे असलेला, म्हणजे तीन गाड्या एका ओळीत. आधी बोशाम्प जिंकला म्हणाले. मग रेस भरवणाऱ्या बिल फ्रान्सने ज्याच्याकडे फोटो, फिल्म असेल त्याने द्या म्हणून सांगितलं, टी. टेलर वॉरनचा रेषेवरचा फोटो आला, न्यूजरीलची फिल्म आली, आणि तीन दिवसांनी ली पेटी विजेता ठरला. कॅमेरेवाले नसते तर पहिल्याच रेसच्या निकालावर आजही भांडत बसलो असतो.
शेवटच्या रांगेतल्या गाड्या तर आधी स्कॅन करा. वेंडेल स्कॉट, ३४ नंबर, पदरमोड करून रेसिंग, टायर बदलणारी, गाडी सांभाळणारी टीम म्हणजे त्याची मुलंच. १ डिसेंबर १९६३ ला जॅक्सनविललाच जिंकला, स्टॉक कारच्या या टॉपच्या सिरीजमध्ये जिंकणारा पहिला कृष्णवर्णीय, पण ट्रॉफी त्या दिवशी दुसरा ड्रायव्हर बक बेकरला दिली, मोजणीत चूक झाली म्हणून नंतर कबूल केलं. त्याच्या घरच्यांच्या हातात ट्रॉफी आली २०२१ मध्ये, तो गेल्यावर तीस वर्षांनी. स्कॉट ७३ पर्यंत धावत होता, तुमच्या काकांच्या एखाद्या फ्रेममध्ये मागे कुठेतरी असू शकतो. पेटीचे फोटो जगात ढीगभर आहेत, अशा माणसांचे नाहीत.

दर्यावर्दी
काकांची सीडीसी, म्हणजे खलाशांचं नोंदीचं पुस्तक, शोधा. त्यात कुठल्या बोटीवर कधी चढले कधी उतरले सगळं शिक्क्यासकट असतं, ते स्लाइडच्या महिन्याशी जुळवा, निम्मं काम तिथेच होईल. जुनी पत्रं असतील तर पोस्टाचा शिक्का बघा. आणि काकूंना समोर बसवून स्लाइड्स दाखवा, फोन रेकॉर्डिंगवर ठेवून. घरी आल्यावर त्या माणसाने काय काय सांगितलं असेल ते त्यांनाच माहीत, आणि हे काम पुढे ढकलू नका.

नांदगावची पुळण
थोडं वेगळं लिहितो. डेटोनात १९५८ पर्यंत रेस चक्क वाळूवर व्हायची, अर्धा ट्रॅक पुळणीवर आणि अर्धा मागच्या डांबरी रस्त्यावर, वेळ ओहोटी बघून ठरवायचे. आमच्याकडे मुरूड-अलिबाग पट्ट्यात बैलगाडा शर्यत पुळणीवर होते, तीही ओहोटीलाच. मी लहानपणापासून बघतोय. २०१४ ला सुप्रीम कोर्टाची बंदी आली, डिसेंबर २०२१ ला परवानगी मिळाली, मधल्या वर्षांत गाडे हाकणारी जुनी माणसं गेली, आणि त्यांचे फोटो शोधायला गेलो तर मिळाले ते पहिल्या आलेल्या जोडीचे, पाहुण्यांच्या हस्ते ढाल घेताना. बैलांना समुद्रावर धुणारे, चाकाला वंगण घालणारे, कुणाचेच नाहीत. तुमच्या काकांना ते कळलं होतं. काय टाकायचं ते घरच्यांना ठरवू देऊ नका.

गुहागरची पडवी
सगळ्यांचे मनापासून आभार. एका डब्यावर जुलै ७६ छापलंय, लाल-निळी ४३ आहे, २१ पण आहे, आणि स्टँडमध्ये जिकडेतिकडे अमेरिकेचे झेंडे. काकू म्हणाल्या त्या वर्षी काकांनी पत्रात लिहिलं होतं की यांच्या देशाला दोनशे वर्षं झाली म्हणून गोदीत सुट्टी होती. सीडीसी पण मिळाली, त्या उन्हाळ्यात ते बोटीवरच होते.

निळा त्रेचाळीस
मग ती ४ जुलै १९७६ ची फायरक्रॅकर ४००, डेटोनाची जुलैतली रेस, असणार!! केल यारबरो जिंकला होता, ११ नंबर शोधा. त्याच फेब्रुवारीत पेटी आणि पिअर्सन शेवटच्या लॅपला एकमेकांवर आदळले होते आणि पिअर्सनने मोडकी गाडी रेटत रेटत रेषा ओलांडून रेस जिंकली होती, म्हणजे तुमच्या काकांनी त्या दोघांना पाच महिन्यांनी पाहिलंय. स्कॅन करताना पुठ्ठ्याचाही फोटो काढा, दोन्ही बाजू, आणि डब्यातला क्रम मोडू नका, शेजारच्या स्लाइडवरून ओळख पटते. ओळख न पटलेल्या इथे टाका, तिकडच्या जुन्या फॅन लोकांना मी दाखवतो, ती माणसं नुसत्या बंपरवरून मेकॅनिक कोण ते सांगतात. ओरिजिनल कुणालाही पाठवू नका, फक्त स्कॅन.

गुहागरची पडवी
नाही पाठवणार. पण स्कॅनर महाग आहे, डीएसएलआर आहे माझ्याकडे, मॅक्रो लेन्स नाही. चिपळूण-गुहागर भागात कुणाची मिळेल का थोडे दिवस?

फिल्मवाला, रत्नागिरी
माझी घेऊन जा. लाइट बॉक्सही देतो. रविवारी चिपळूणला येतोय, मेसेज करा. बुरशीवाल्या वेगळ्या डब्यात आणा, बाकीच्यांबरोबर नको.