आईचा सीए १५-३ वाढलाय, पेट स्कॅन करून घ्यावा का?

सिडकोची_लेक
आईचं ब्रेस्ट कॅन्सरचं ऑपरेशन, केमो, रेडिएशन सगळं होऊन दोन वर्षं झाली, आता फक्त लेट्रोझोल (कॅन्सर परत येऊ नये म्हणूनची हार्मोनची गोळी) चालू आहे, तब्येत ठणठणीत. परवा कॉलनीत हेल्थ चेकअपचा कॅम्प होता, त्या पॅकेजमध्ये सीए १५-३ (ब्रेस्ट कॅन्सरमध्ये रक्तात वाढू शकणाऱ्या प्रोटीनची, म्हणजे ट्यूमर मार्करची टेस्ट) पण होती. ३४ आलंय, पुढे लाल अक्षरात हाय, नॉर्मल ३० पर्यंत. मागच्या वर्षी २७ होतं पण ती लॅब वेगळी. आईला अजून सांगितलं नाही. मामा म्हणतो थांबू नका, थेट पेट स्कॅन करा, कॅन्सर शरीरात कुठे पसरलाय का ते दिसतं. आणि आमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांनी ही टेस्ट कधी लिहूनच दिली नाही, त्याचा राग येतोय तो वेगळाच.

गंगापूररोड_काकू
अगं डॉक्टरांवर नको चिडूस. मी स्वतः यातून गेलेय, मलाही कधी लिहून दिली नाही. काही त्रास नसेल तर ही टेस्ट रूटीन करू नका असं अमेरिकेतल्या कॅन्सर डॉक्टरांची संघटना आहे ना, आस्को, ती पण सांगते. पहिली ३ वर्षं दर ३ ते ६ महिन्यांनी डॉक्टरांनी तपासायचं, वर्षातून एकदा मॅमोग्राफी, बास. १९९४ मध्ये इटलीतले दोन मोठे अभ्यास आले होते, काही बायकांचे ठरावीक काळाने बोन स्कॅन, छातीचे एक्स-रे केले आणि बाकीच्यांची साधी तपासणी आणि मॅमोग्राफी, तर जास्त टेस्ट केल्या म्हणून बायका जास्त जगल्या असं काही दिसलं नाही. आपल्याला मात्र वाटतं जितक्या टेस्ट तितकं सेफ.

लॅबवाला_नाशिकरोड
ताई मी लॅबमध्येच आहे म्हणून सांगतो, २७ आणि ३४ ची तुलनाच करू नका, मशीन आणि किट बदललं की आकडा बदलतो. शिवाय लिव्हरचा त्रास असला, हिपॅटायटिस वगैरे, तरी सीए १५-३ वाढतो, बी-१२ कमी होऊन अ‍ॅनिमिया झाला असेल तरी वाढू शकतो. उलट छोटी गाठ परत आली तरी आकडा नॉर्मलच राहतो असंही होतं. पॅकेजमध्ये मार्कर टाकला की पॅकेज खपतं, खरं सांगायचं तर.

पिंपळगावकर
एवढंही बिनकामाचं नाही हां. माझ्या बहिणीचं हाडात पसरलंय, तिचे डॉक्टर दर वेळी सीए १५-३ बघतात आणि औषध लागू पडतंय का ते त्यावरून ठरवतात.

गंगापूररोड_काकू
हो दादा, पसरलेल्या आजारात वापरतात, पण तिथेही नुसत्या आकड्यावर औषध बदलत नाहीत, स्कॅन आणि पेशंटची तब्येत बघूनच. नवीन औषध सुरू केल्यावर पहिले ४ ते ६ आठवडे तर आकडा उगाच वर जाऊ शकतो. हिच्या आईची केस वेगळी आहे ना. लेकी, पेट आपल्या मनाने करू नकोस, खर्च आणि रेडिएशन आहेच, वर कुठेतरी फालतू डाग दिसला की बायोप्सीच्या मागे लागायचं. हाडं सतत दुखणं, दम लागणं, खोकला न थांबणं, वजन उतरणं, नवीन गाठ, असं काही आहे का ते आधी विचार आणि डॉक्टरांना फोन कर.

सिडकोची_लेक
केला फोन, गुरुवारी रिपोर्ट घेऊन बोलावलंय, पेट तोपर्यंत नाही. आईला पाठबिठ दुखते का विचारलं तर म्हणे नाही, पण तू आज एवढी का चौकशी करतेयस. आता तिला सांगावंच लागणार. मामाला कोण समजावणार तो प्रश्न आहेच 😅